तीन मिलिमीटर

पहिले दहा झिंगे दीड दिवसात गेले.
तळाच्या वाळूवर आडवे, कडांनी दुधाळ.

"पाणी कशानं घातलंसा?" इर्शाद बागवानानं विचारलं,
लक्ष्मीपुरीतल्या त्याच्या बोळकंडी दुकानात, हात कोपरापर्यंत ओले.
म्हटलं, तांब्याच्या कळशीनं. कळंब्याचं पाणी, रात्रभर ठेवलेलं,
आमच्यात पाहुण्यालाही तेच देतात.
तो हसला नाही.
"माणसाला गुणाचं. झिंग्याला इख."

आणि मी उद्यमनगरात वीस वर्षं
लेथवर गनमेटलचे बुश काढतो.
नखांत तांबं, खिशाच्या शिवणीत तांबं,
डब्याच्या झाकणावर पिवळी चमक.
तेव्हापासून घरी आलो की तीनदा साबण,
मगच टाकीपाशी.
संजीवनी म्हणते, पोरीला पहिल्यांदा घेतलं
तेव्हासुद्धा एवढे हात धुतले नव्हतेत.

गप्पी आधीपासूनचे, फुकटचे.
हौदातल्या डासांसाठी महापालिकेचा माणूस पिशवीतून देऊन गेलेला.
हौद बुजवला, गप्पी उरले.
दुसरे दहा झिंगे घेताना विचारलं, एकत्र राहतात का?
"ऱ्हात्यात की. फकस्त एक ध्यानात ठेवा,
तोंडात मावंल ते पोटात जातंय."

मादीच्या पोटाखाली अंडी आली, मोहरीएवढीही नाहीत.
पायांनी सारखा वारा घालायची त्यांना,
खाताना, चालताना, कात टाकण्याआधीच्या सुस्तीतही.
मग एका रात्री बॅटरीच्या उजेडात पिल्लं:
दोऱ्याची तुटकी टोकं, काचेची,
काळे फक्त डोळे.
एकोणीस.
सकाळी अकरा.
सेकंड शिफ्ट करून आलो तेव्हा चार.

भांडण नाही, पाठलाग नाही.
एकाही गप्पीच्या तोंडावर काही दिसलं नाही.
सगळे काचेपाशी, शेपट्या हलवत,
जणू सकाळपासून उपाशी.

मी व्हर्नियर घरी आणलं.
एक गप्पी मेला होता, त्याचं डोकं चार पूर्णांक दोन.
झिंग्याचं पिल्लू काचेवर बसलेलं, बाहेरून अंदाजे दोन.
कशात काय किती सैल बसवायचं
हा तर माझा धंदाच.
साइनबोर्डवाल्याकडून अॅक्रिलिकचा तुकडा मिळाला,
'ताजे दूध' मधला 'ताजे' असलेला.
त्यावर तीन मिलिमीटरची एकशे चाळीस भोकं,
प्रत्येकाची धार पॉलिश पेपरनं मारलेली.
टाकीच्या कोपऱ्यात तिरका उभा केला, मागं शेवाळ.

पुढची वीण जगली.

मग गप्पीची मादी व्याली.
पोर बाहेर पडलं की गर्रकन वळायची,
आणि वळण्यात काय होतं ते मला आता माहीत होतं.
पण चारपाच चपळ निघाले,
'ताजे'च्या वेलांटी-मात्रांतून पार झाले पलीकडे.
एकाच शेवाळावर
माशाची पोरं आणि झिंग्याची पोरं,
एक स्वतःच्या आईपासून लपलेलं,
दुसरं दुसऱ्याच्या.
त्या रात्री मी जेवण पुढ्यात घेऊन तिथंच बसलो.
भाकरी वातड झाली.

पाच आठवडे झाले.
बाकीची पोरं वेळेत बाहेर पडली. एक राहिलं.
रोज सकाळी एकेका भोकाला तोंड लावून बघतं,
गालफडं अडतात,
मागं सरतं, पुढचं भोक.
शेपटीवर आता थोडा नारिंगी रंग चढलाय.

काल त्या बाजूला सतरा होते.
आज पंधरा.

"आता किती मिलीचं भोक पाडणार?" संजीवनी विचारते,
चेष्टेत नाही.
मी टाकीसमोर. हात धुतलेले, तीनदा.
व्हर्नियरचा स्क्रू
सैल करून बसलोय.